कलाकेंद्राकडे तारीख मागू नका, खोली मागा

मी एका कलाकेंद्रात तालमीच्या खोल्यांचं वेळापत्रक सांभाळते. कोणाला कुठली खोली, किती वाजेपर्यंत, चावी कोणाकडे, स्पीकर कोणी पळवला, हे सगळं माझ्याकडे. रेसिडेन्सीचे, म्हणजे कलाकाराला ठरावीक काळ खोली आणि मदत देऊन नवं काम घडवू देण्याच्या योजनेचे, अर्जही आधी माझ्याच टेबलावर येतात. नवे नर्तक, एकट्याने प्रयोग उभा करू पाहणारे नट, सर्कशीतल्या कसरतींतून काही वेगळं शोधणारे, असे सगळे अर्ज करतात. बहुतेकांचं मागणं एकच असतं: ‘आम्हाला प्रयोगासाठी एक तारीख द्या.’

तारीख ही केंद्राकडची सगळ्यात महाग वस्तू, आणि तुम्ही अगदी नवे असाल तर सगळ्यात कमी उपयोगाची. तारीख म्हटली की प्रकाश, ध्वनी, तिकीट खिडकी, दारावरची माणसं, सफाई, जाहिरात, सगळं एका संध्याकाळसाठी उभं करावं लागतं. तुम्हाला त्यातून मिळतं काय? अर्ध्या-पाऊण तासाचा प्रयोग, तोही जेमतेम बसलेला. पहिल्या तीन रांगांत मित्र आणि नातेवाईक. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुम्ही घरातल्या टेबल-खुर्च्या बाजूला सारून तालीम करणार.

याउलट आठवड्यातल्या मधल्या वारी, सकाळी, आमच्या खोल्या रिकाम्या असतात. संध्याकाळी वर्ग, शनिवार-रविवारी कार्यशाळा. पण मंगळवारी सकाळी साडेनऊला तिथे मी, सफाईवाले काका आणि बंद पियानो. बहुतेक कलाकेंद्रांत हेच चित्र दिसेल. ती रिकामी वेळ देणं केंद्राला परवडतं आणि नवी रचना घडते ती तशाच वेळेत. म्हणून सगळ्यात आधी वेळ मागा: ‘सलग दोन आठवडे, सकाळी चार तास, आरसा नसला तरी चालेल.’ असं नेमकं लिहून आलेल्या अर्जाला नाही म्हणणं मला स्वतःला जड जातं.

नृत्याच्या इतिहासात याचं ठळक उदाहरण आहे. न्यूयॉर्कच्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये ६ जुलै १९६२ रोजी काही तरुण नर्तकांनी एकत्र कार्यक्रम केला. रॉबर्ट डन यांच्या नृत्यरचनेच्या वर्गात ते शिकत होते. इव्हॉन रेनर, स्टीव्ह पॅक्सटन, ट्रिशा ब्राउन ही नावं पुढे आधुनिकोत्तर नृत्याची म्हणून गाजली, पण त्यांचा तो गट वाढला तो त्या चर्चच्या छताखाली. चर्चकडे ना मोठा निधी होता ना नृत्याचा विभाग. मोकळं प्रार्थनागृह होतं, तळघरात व्यायामशाळा होती, आणि काय करायचं ते सांगायला कोणी मध्ये येत नव्हतं. आजही चांगलं केंद्र नवोदिताला मुळात हेच देतं. बाकीचं सगळं त्यावरची भर.

आधी केंद्र ओळखा

पाटीवर ‘कलाकेंद्र’ लिहिलं की सगळी केंद्रं सारखी होत नाहीत. काही केंद्रं सभागृह भाड्याने देतात आणि तेवढंच करतात. त्यात वाईट काही नाही, पण त्यांच्याकडे मार्गदर्शन मागायला जाणं म्हणजे वेळ घालवणं. काही केंद्रं तयार झालेले प्रयोग निवडून लावतात. तिथे तुमचं काम पूर्ण झाल्यावर जायचं. तिसऱ्या प्रकारची केंद्रं काम घडत असताना पाठीशी उभी राहतात: खोली, मानधन, सल्लागार, रंगमंचावर तांत्रिक तालमीचे दिवस, आणि कधी निर्मितीखर्चात वाटा. फ्रान्समध्ये या तिसऱ्या प्रकाराची देशभर व्यवस्थाच आहे. १९८४पासून तिथे राष्ट्रीय नृत्यरचना केंद्रं उभी राहिली, आज ती १९ आहेत. प्रत्येकाच्या प्रमुखपदी सहसा एखादा नृत्यरचनाकार असतो, आणि स्वतःचं काम करतानाच बाहेरच्या स्वतंत्र मंडळींना स्टुडिओ आणि निर्मितीसाठी पैसा देणं हा त्या केंद्रांच्या कामाचा भाग असतो.

ओळखायचं कसं? केंद्राचा मागच्या वर्षीचा कार्यक्रम काढा आणि त्यात कधीच न ऐकलेली नावं किती आहेत ते बघा. ‘घडत असलेलं काम’ असा एखादा कार्यक्रम लागतो का ते बघा. मग फोन करून एकच प्रश्न विचारा: ‘मागच्या वर्षी तुमच्याकडे रेसिडेन्सीला कोण होतं, आणि ते काम पुढे कुठे गेलं?’ पलीकडचा माणूस क्षणभर थांबून दोन-तीन नावं सांगू लागला, तर जागा बरी. ‘मेल करा, माहितीपत्रक पाठवतो’ म्हणाला, तर मेल करा, पण आशा बेताची ठेवा.

आणि एक प्रेक्षक म्हणून तिथे आधी जा. तिकीट काढून बसा, कार्यक्रमानंतर रेंगाळा. तंत्रज्ञांशी बोला. संचालक बदलतात, प्रकाशयोजनेच्या खोलीतला माणूस बदलत नाही. केंद्र खरंच कसं चालतं ते त्याला ठाऊक असतं.

अर्ज

अर्जातलं पहिलं पान मी कसं वाचते ते सांगते, कारण इतर ठिकाणीही फार वेगळं नसावं. ‘मानवी अस्तित्वाच्या विखंडित अवकाशाचा शोध’ असं काही पहिल्याच ओळीत आलं की माझं लक्ष चहाकडे जातं. मला हवं असतं ते असं: खोलीत पहिल्या दिवशी सकाळी तुम्ही काय करणार? एका मुलीने लिहिलं होतं, ‘माझ्या आजीला कंपवात होता. तिचे हात थांबत नसत. मला तो कंप तालात बसवायचा नाही, तालाबाहेर कसा टिकतो ते बघायचंय. पहिले तीन दिवस मी फक्त बसून, फक्त हातांवर काम करीन.’ तिला खोली मिळाली. तिच्या अर्जात ‘अवकाश’ हा शब्द एकदाही नव्हता.

काय ठाऊक नाही तेही लिहा. ‘शेवट सापडलेला नाही, दोन नर्तक की तीन हे ठरलेलं नाही.’ नवे लोक हे लपवतात, कारण त्यांना वाटतं की कच्चेपणा दिसेल. पण रेसिडेन्सी असते ती त्यासाठीच. सगळं ठरलेलं असेल तर तुम्हाला तालमीची जागा हवी आहे, ती भाड्यानेही मिळते.

व्हिडिओ जोडताना जोडकाम केलेली चकचकीत झलक पाठवू नका. संगीत जोरात, दर दोन सेकंदांना दृश्य बदललेलं, मधे धूर: त्यातून मला संकलकाचं कसब कळतं, तुमचं नाही. तीन-चार मिनिटांचा एकच सलग तुकडा पाठवा. कॅमेरा एका जागी, चौकटीत पूर्ण शरीर, पावलं दिसलीच पाहिजेत. तालमीच्या खोलीतला असला तरी उत्तम. दुव्याला पासवर्ड लावला असेल तर तो अर्जातच लिहा. पासवर्ड मागायला कोणी परत मेल करत नाही.

अंदाजपत्रकात स्वतःच्या मानधनासमोर शून्य लिहिण्याची सवय मोडा. लोकांना वाटतं की त्यामुळे अर्ज नम्र दिसतो. निवड समितीला त्यातून एवढंच दिसतं की या माणसाने पोट कसं भरायचं याचा विचार केलेला नाही आणि तिसऱ्या आठवड्यात तो दुसरं काम धरून निघून जाईल. स्वतःचे तालमीचे दिवस धरा, सोबतच्या नर्तकांचे धरा, संगीतकाराचे धरा. केंद्र सगळं देऊ शकणार नाही. कोणता भाग केंद्राने उचलावा आणि कोणता तुम्ही दुसरीकडून उभा करणार, ते वेगळं दाखवा. केंद्राच्या पत्रावर ‘आम्ही या कलाकाराला खोली आणि तंत्रसाहाय्य देत आहोत’ एवढं लिहून मिळालं, तर तेच पत्र दुसऱ्या निधीच्या अर्जाला जोडता येतं. हे पत्र मागायला कोणी येत नाही. मागा, एका दुपारचं काम आहे.

खोलीत शिरल्यावर आधी खाली बघा

फरशीवर मी जास्त बोलते अशी तक्रार आहे. असू दे. सिमेंटवर थेट चिकटवलेल्या लाकडावर किंवा टाइलवर महिनाभर उड्या मारल्यात तर नडगीचं दुखणं पाठीशी लागतं आणि केंद्राची मेहेरबानी डॉक्टरकडे फेडावी लागते. नृत्याची फरशी तरती हवी: लाकडाखाली पोकळी आणि पट्ट्यांची जाळी किंवा रबरी आधार, म्हणजे उडी खाली आली की धक्का थोडा फरशी घेते. पाहायला जाल तेव्हा टाच जोरात आपटा. ‘ठक्क’ असा कोरडा, मेलेला आवाज आला तर विचारा की खाली काय आहे.

त्यावर व्हिनाइलच्या पट्ट्या असतील, तर त्या कोणत्या नृत्यासाठी आहेत हेही विचारा. अनवाणी समकालीन नृत्याला, बॅलेला त्या चांगल्या. घुंगरू बांधून पायाचं काम करणाऱ्यांना उघडं लाकूड हवं, कारण व्हिनाइल पावलाचा नाद गिळतं. टॅप, म्हणजे बुटांना धातू लावून ताल वाजवायचं नृत्य, करणाऱ्यांचंही तेच, आणि शिवाय त्यांच्या बुटांच्या धातूने व्हिनाइल खराब होतं, म्हणून बरीच केंद्रं परवानगी देत नाहीत. हे अर्जातच लिहिलं तर आम्ही योग्य खोली काढून ठेवतो. पहिल्या दिवशी सकाळी कळलं तर सगळ्यांचीच धावपळ.

मग छताची उंची, एखाद्याला खांद्यावर उचलायचं असेल तर. मग खोलीतली ऊब. गार खोलीत शरीर तापायला वेळ लागतो आणि दुखापती तिथेच होतात. आरसा झाकता येतो का तेही बघा. आरशासमोर घडवलेली रचना आरसा गेल्यावर लंगडते.

दाखवणं, आणि ऐकून घेणं

रेसिडेन्सीच्या शेवटी बहुतेक केंद्रं थोडं काहीतरी दाखवायला सांगतात. अमेरिकन नर्तक टेड शॉन यांनी १९३३च्या उन्हाळ्यात जेकब्स पिलो या आपल्या शेतावर आसपासच्या लोकांना चहाला बोलावून, तिकीट लावून, आपल्या पुरुष नर्तकांचं काम बोलत-बोलत दाखवायला सुरुवात केली. आज त्याच जागेवर अमेरिकेतला नावाजलेला नृत्यमहोत्सव भरतो. तात्पर्य, छोटं दाखवणंही मोलाचं असतं, पण ते छोटंच राहू द्या. नवे कलाकार इथे हमखास घसरतात. ‘वीस मिनिटं, दिवसाच्या उजेडात, तालमीच्या कपड्यांत’ असं ठरलेलं असतं. मग कोणीतरी म्हणतं दोन दिवे लावू, कोणीतरी वेशभूषा शिवून आणतं, पाहुण्यांची यादी वाढते, आणि शेवटचे चार दिवस शोधण्याऐवजी सफाई करण्यात जातात. केंद्राच्या प्रसिद्धी विभागाला ते आवडतं, म्हणून तेही थांबवत नाहीत. तुम्ही थांबवा.

दाखवून झाल्यावर चर्चा होते, आणि तिथे माणसं उद्ध्वस्त होताना मी पाहिली आहेत. कोणी ज्येष्ठ उठतात आणि ‘मी असतो तर असं केलं असतं’ म्हणून स्वतःचाच प्रयोग सांगू लागतात. यावर एक चांगली तोड आहे. नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९०मध्ये प्रतिसादाची एक चार टप्प्यांची पद्धत मांडली आणि जगभर अनेक केंद्रं ती वापरतात. सोबत एक सूत्रधार लागतो, जो तुम्हीही नसता आणि प्रेक्षकही नसतो.

आधी पाहणारे सांगतात की त्यांना काय भिडलं, काय लक्षात राहिलं. कौतुकच करायचं असं नाही, ‘तू मागे वळलीस तेव्हा मला भीती वाटली’ हेही चालतं. मग कलाकार प्रश्न विचारतो, म्हणजे ज्या जागी त्याला स्वतःलाच शंका आहे तिथे. तिसऱ्या टप्प्यात पाहणारे प्रश्न विचारतात, पण प्रश्नात मत लपवायचं नाही. ‘इतकं लांब का केलंस?’ हा प्रश्न नव्हे, टोमणा आहे. ‘या भागाची लांबी तू कशावरून ठरवलीस?’ हा प्रश्न. आणि मतं अगदी शेवटी, तीही परवानगी घेऊन: ‘शेवटाबद्दल माझं एक मत आहे, ऐकायचंय का?’ कलाकार नको म्हणू शकतो. ती परवानगी निव्वळ शिष्टाचार वाटते, पण ‘आज नको’ म्हणता येतं हे कळल्यावर कलाकाराचे खांदे खाली येतात.

यातला दुसरा टप्पा तुमच्या हातात आहे, म्हणून तयारीने जा. तीन प्रश्न कागदावर लिहून घ्या. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न नाही. ‘आम्ही दोघं बहिणी आहोत असं कुठे वाटलं, आणि कुठे वाटेनासं झालं?’ असं विचारलंत तर उत्तरातून उद्याच्या तालमीला काम मिळतं.

रंगमंचावर गेल्यावर

तारीख शेवटी मिळतेच. बऱ्याच ठिकाणी नवोदितांना एकत्र कार्यक्रमात जागा देतात. लंडनच्या ‘द प्लेस’ या नृत्यकेंद्रात १९९०पासून चालणाऱ्या ‘रेझोल्यूशन’ महोत्सवात एका संध्याकाळी तीन वेगवेगळी छोटी कामं लागतात. नव्याला हा प्रकार मला सगळ्यात सुरक्षित वाटतो. तिकीटविक्रीचा भार तिघांत वाटला जातो, आणि दुसऱ्या दोघांचे प्रेक्षक तुम्हाला फुकट बघून जातात.

पण तिघं म्हणजे रंगमंच तिघांत वाटला गेला. तुमच्या वाट्याला तांत्रिक तालमीचे काही तास येतील आणि त्यातच दिवे, आवाज, खुणा सगळं बसवायचं. तासाभराने नवा माणूस म्हणतो, ‘मला जरा निळसर, उदास हवंय’ आणि प्रकाशयोजनाकार छताकडे बघतो. क्यू शीट आधी करून न्या: कुठल्या हालचालीवर किंवा संगीताच्या कुठल्या सेकंदाला बदल, काय बदलतं, किती सेकंदांत. अशा एकत्र कार्यक्रमात दिव्यांची मांडणी सगळ्यांसाठी एकच असते, प्रत्येकाला एक-दोन खास दिवे मिळतात. ते कशासाठी वापरायचे ते घरूनच ठरवून या.

नृत्याला मुख्य उजेड बाजूने, विंगेतून हवा. समोरून टाकलेला उजेड चेहरा दाखवतो आणि शरीर सपाट करतो. नडगीच्या, कमरेच्या आणि डोक्याच्या उंचीवरून बाजूने आलेला उजेड हात-पायांना गोलाई देतो. अमेरिकन नृत्यरचनाकार मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यांचे दिवे करणाऱ्या जीन रोझेंथल यांनी ही पद्धत रुजवली, आणि अजून तिला पर्याय सापडलेला नाही. फक्त विंगेतून आत-बाहेर करताना त्या खालच्या दिव्यांची जागा आधी पाहून ठेवा. नडगीवर तोच दिवा बसतो.

संगीताची फाइल दोन वेगवेगळ्या साधनांवर न्या. इंटरनेटवरून वाजवू नका. फोनवरून वाजवायचंच असेल तर तो विमान मोडवर टाका. भावुक प्रसंगात कुणा काकांचा फोन येऊन गेल्याचा प्रसंग मी आमच्याकडेच पाहिला आहे, प्रेक्षक मात्र खूश होते.

कागद

करार वाचायला कंटाळा येतो. तरी पाच गोष्टी शोधा. पैसे किती आणि कधी: प्रयोगानंतर की आधी काही हातात? चित्रीकरण कोणाचं, आणि केंद्र ते कुठे, किती काळ दाखवणार? संगीताचे हक्क कोणी घ्यायचे? यावर बरेच करार तुमच्याकडे बोट दाखवतात, आणि ‘छोटाच कार्यक्रम आहे’ हे कारण कुठेही चालत नाही. तालमीत दुखापत झाली तर विमा कोणाचा? आणि पहिला प्रयोग आमच्याकडेच, पुढे अमुक महिने शेजारच्या गावात नाही, असं काही कलम आहे का? असलं तर त्याच्या बदल्यात केंद्र काय देतंय ते विचारा. निर्मितीखर्चात वाटा उचलला असेल तर अट रास्त. नुसती संध्याकाळची तारीख दिली असेल तर नम्रपणे खोडा.

‘मानधन नाही, पण तुम्हाला व्यासपीठ मिळेल’ असं म्हणणाऱ्यांना मी एक प्रश्न विचारायला सांगते: ‘त्या दिवशी ध्वनिवाल्याला पैसे मिळणार आहेत का?’ त्याला मिळणार असतील तर तुम्हालाही मिळायला हवेत. विचारायची लाज वाटत असेल तर मेलवर विचारा.

निघण्यापूर्वी

केंद्राकडे पैशाहून जास्त काही असेल तर ओळखी, आणि त्या मागितल्याशिवाय मिळत नाहीत. केंद्रं एकमेकांशी जोडलेली असतात. १९९६मध्ये सुरू झालेलं एरोवेव्हज हे युरोपातलं जाळं बघा: वेगवेगळ्या देशांतली केंद्रं आणि महोत्सव मिळून दरवर्षी २० नव्या नृत्यरचनाकारांची कामं निवडतात आणि मग ती आपापल्या रंगमंचांवर नेतात. असं औपचारिक जाळं नसलं तरी संचालकांच्या फोनमध्ये दुसऱ्या संचालकांचे नंबर असतात. शेवटच्या आठवड्यात पंधरा मिनिटं मागा आणि नेमकं विचारा: ‘हे काम कोणाला आवडेल असं तुम्हाला वाटतं? त्यांना एक ओळ लिहाल का?’ ‘पुढे काय करू?’ असं विचारलंत तर सल्ला मिळेल. सल्ल्याला काही कमी नसते.

चित्रीकरणाची मूळ, न कापलेली फाइल त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर घ्या. ‘नंतर पाठवतो’ म्हणणारा माणूस पुढच्या सोमवारी दुसऱ्या कार्यक्रमात बुडालेला असतो. छायाचित्रकाराचं नाव कसं लिहायचं ते विचारून ठेवा. फरशीवरच्या खुणांच्या चिकटपट्ट्या स्वतः काढा, त्या राहिल्या की पुढच्या माणसाचा पाय अडकतो. आणि चावी माझ्या टेबलावर ठेवताना पुढच्या हंगामातल्या रिकाम्या सकाळींबद्दल विचारा. ती यादी मी कुठे लावत नाही, पण विचारणाऱ्याला दाखवते.